दहा मार्कांचं आरएसए

मूळ संख्या पी ३ आणि क्यू ११, बंद करायचा घात ई ७. संदेश ५ असेल तर आरएसए पद्धतीने सायफर, म्हणजे कुलूपबंद संदेश, काढा आणि तो परत उलगडून दाखवा. इंजिनिअरिंगला क्रिप्टोग्राफीचा पेपर दिलेल्या कुणालाही झोपेतून उठवून हा प्रश्न विचारला तरी तो सुटेल. एन म्हणजे पी गुणिले क्यू, ३३; फाय म्हणजे दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार, २०; उलगडायचा घात डी ३. पाचाचा सातवा घात ७८,१२५, त्याला ३३ ने भागून बाकी १४. चौदाचा घन २,७४४, बाकी ५. पडताळा जुळला, दहापैकी दहा.

आता त्याच उदाहरणात ५ ऐवजी १० घेऊन बघा. दहाचा वर्ग १००, त्याची ३३ ने बाकी १. म्हणजे सातवा घात केला तरी बाकी १० च उरते. संदेश दहा, सायफरही दहा. १२ घातले तर १२ च बाहेर येतात. २१, २३ आणि ३२ यांचंही तेच. शून्य, १, ११ आणि २२ धरून ३३ पैकी ९ संदेश या एन्क्रिप्शनमधून जसेच्या तसे बाहेर पडतात. हा योगायोग नव्हे. ‘ई वजा १’ आणि ‘पी वजा १’ यांचा मसावि काढायचा, त्यात १ मिळवायचा. क्यूसाठीही तसंच करायचं आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. इथे तीन गुणिले तीन, नऊ. ई विषम असल्यामुळे असे निदान नऊ संदेश २,०४८ बिटांच्या खऱ्या किल्लीतही असतातच. त्या अथांग आकड्यांमध्ये ते चुकून हाती लागत नाहीत, इतकंच.

पेपरात विचारलं जातं ते गणित, आणि ते गणित चुकीचं नाही. पण उपयोजित क्रिप्टोग्राफी हा विषय ‘उत्तर बरोबर आलं’ या ओळीच्या खाली सुरू होतो. गेल्या तीस वर्षांत गाजलेल्या बहुतेक फजित्यांमध्ये मूळ गणिताला धक्काही लागला नव्हता. फुटलं ते जोडकामात. म्हणून हा विषय सूत्रं पाठ करून येत नाही. बरोबर दिसणारी गोष्ट स्वतःच्या हातांनी फोडून बघितली की येतो.

आरएसएपासूनच सुरुवात करता येते. २,०४८ बिटांचा एन घ्या, ई ३ ठेवा आणि संदेश म्हणून एईएसची (फाइली बंद करायच्या प्रचलित पद्धतीची) १२८ बिटांची किल्ली पाठवा. १२८ बिटांच्या संख्येचा घन फार तर ३८४ बिटांचा होतो. तो एनच्या जवळपासही पोचत नाही, त्यामुळे भागाकार होतच नाही आणि बाकी म्हणजे तो घनच. हल्लेखोराला एनचे अवयव पाडायची गरज नाही, साधं घनमूळ काढलं की किल्ली हातात. इथे मुलांचं घोडं हमखास पेंड खातं, कारण ते पायथॉनमध्ये एक तृतीयांश घात करतात. फ्लोटला (संगणकातल्या दशांश संख्येला) ५३ बिटांपुरतीच अचूकता असते, त्यामुळे सुरुवातीचे अंक बरोबर आणि पुढे कचरा येतो. घनमूळ पूर्णांकांवर, बायनरी सर्चनेच काढायचं.

घनमूळ टळावं म्हणून ई ६५,५३७ केला तरी दुसरी अडचण उरते. पाठ्यपुस्तकी आरएसएमध्ये तोच संदेश दर वेळी तोच सायफर देतो. मतदान ‘होय’ किंवा ‘नाही’ असं असेल तर सार्वजनिक किल्लीने (एन आणि ई, जे सगळ्यांना माहीत असतात) दोन्ही शब्द स्वतः एन्क्रिप्ट करायचे आणि जुळवून बघायचे. यावरचा उपाय म्हणजे ओएईपी नावाचं पॅडिंग, म्हणजे संदेशाभोवतीचं भरण, ज्यात दर वेळी नवी यादृच्छिक भर पडते. तिची किंमतही हिशेबात धरायला हवी. २५६ बाईटांची किल्ली आणि एसएचए-२५६ हे हॅश (कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारं फंक्शन) असेल तर पॅडिंगला ६६ बाईट जातात आणि संदेशाला फक्त १९० उरतात. प्रॅक्टिकलला अख्खी पीडीएफ आरएसएमध्ये कोंबायला गेलेल्याला ‘डेटा टू लार्ज’ दिसतं ते यामुळे. मग आपोआप कळतं की आरएसएने फक्त किल्ली पाठवायची आणि फाइल एईएसने बंद करायची.

ओएईपीच्या आधीचं पॅडिंग, पीकेसीएस-१ या आरएसए मानकाची दीड नंबरची (१.५) आवृत्ती, अजून सगळीकडे जिवंत आहे. १९९८ मध्ये डॅनियल ब्लाइखेनबाखर यांनी दाखवलं की सर्व्हर ‘पॅडिंग चुकलं’ एवढंच सांगत असेल तर सुमारे दहा लाख प्रश्न विचारून संदेश काढून घेता येतो. २०१७ मध्ये मोठमोठ्या साइट्सवर हाच हल्ला पुन्हा चालून दाखवला गेला. मधली १९ वर्षं हा दोष सगळ्यांना माहीत होता.

गणिताची तयारी किती लागते, हा प्रत्येक बॅचचा प्रश्न. मॉड्युलर अंकगणित, विस्तारित युक्लिड (मसावि आणि व्यस्त काढायची रीत), गट आणि सांत क्षेत्रं यांची तोंडओळख, आणि थोडी संभाव्यता. पहिल्या वर्षापुरतं एवढं पुरे. पण ते हातात बसलेलं हवं. विस्तारित युक्लिडने डी काढताना उत्तर ऋण येऊ शकतं. सी आणि जावामध्ये वजा ७ ची २० ने बाकी वजा ७ येते, पायथॉनमध्ये १३. वहीतलं उत्तर बरोबर आणि सीमधला प्रोग्रॅम चुकीचा, या तक्रारीच्या मुळाशी बहुधा हेच असतं. पायथॉन ३.८ पासून पाऊ फंक्शनला घात म्हणून वजा एक दिला की व्यस्त थेट मिळतो. पण ते वापरण्याआधी एकदा तरी कागदावर काढलेलं बरं.

मूळ संख्यांचं प्रकरणही असंच. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एकेएस चाचणी जाहीर केली. संख्या मूळ आहे की नाही हे नशिबावर न सोडता बहुपदी वेळात ठरवता येतं, हे त्यांनी सिद्ध केलं. आपल्याकडच्या वर्गात ते अभिमानाने सांगितलं जातं आणि जावंच. पण किल्ली बनवणारी कुठलीही लायब्ररी एकेएस वापरत नाही; तिथे मिलर–रॅबिन या संभाव्यतेवर चालणाऱ्या चाचणीचं राज्य आहे. १,०२४ बिटांच्या आसपास सरासरी दर ७१० संख्यांमागे एक मूळ सापडते. सम संख्या गाळल्या तर साधारण ३५५ प्रयत्न. मिलर–रॅबिन हे काम क्षणार्धात उरकतं, आणि चाचणीच्या फेऱ्या वाढवल्या की चुकीची शक्यता हवी तितकी खाली नेता येते. सिद्धांतातलं श्रेष्ठ आणि वापरातलं श्रेष्ठ वेगळं असू शकतं, हे विद्यार्थ्याला यातून लवकर कळतं.

एईएसच्या फेऱ्या, एस-बॉक्स, मिक्स कॉलम यांवर वर्गात दोन आठवडे जातात. मोड्सवर, म्हणजे ब्लॉक एकामागून एक बंद करायच्या पद्धतींवर, एक तास, तोही आकृत्या उतरवण्यात. मला हे प्रमाण उलट हवं होतं. २००१ मध्ये मानक झाल्यापासून एईएस व्यवहारात कुणी फोडलेलं नाही, पण चुकीच्या मोडमध्ये चालवलेलं एन्क्रिप्शन रोज फुटतं. २०१३ मध्ये ॲडोबीतून सुमारे १५ कोटी खात्यांची माहिती बाहेर आली. तिथे पासवर्ड हॅश न करता ट्रिपल-डीईएस या जुन्या पद्धतीने ईसीबी मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक ब्लॉक सुटा सुटा, बंद केले होते. सारखा पासवर्ड, सारखा सायफर. शेजारी युजरने दिलेली ‘हिंट’ उघडी पडलेली. लोकांनी किल्लीला हातही न लावता शब्दकोडं सोडवावं तसे पासवर्ड भरून काढले.

सीबीसी मोड यापेक्षा बरा वाटतो, आणि म्हणूनच त्याची प्रयोगशाळा आधी व्हायला हवी. सर्ज वोदने यांनी २००२ मध्ये मांडलेला पॅडिंग ऑरॅकल हल्ला अख्ख्या विषयात सगळ्यात शिकवणारा आहे असं माझं मत आहे. शंभरेक ओळींचं पायथॉन पुरतं. एक छोटा सर्व्हर लिहायचा, जो सायफर घेतो, उलगडतो आणि पॅडिंग बरोबर की चूक एवढंच सांगतो. ब्लॉक १६ बाईटांचा. शेवटचा ब्लॉक तीन बाईटांनी कमी पडला तर ०३, ०३, ०३ भरायचे. एकाने कमी पडला तर ०१. संदेश नेमका ब्लॉकवर संपला तर पॅडिंगचा अख्खा नवा ब्लॉक. हा शेवटचा नियम विसरला की आपलाच सर्व्हर दर सोळापैकी एका संदेशाला गडबडतो.

सीबीसीमध्ये उलगडलेल्या ब्लॉकवर आधीच्या सायफर ब्लॉकचं एक्सओआर (बिटागणिक तुलना: सारखे तर ०, वेगळे तर १) होतं, आणि आधीचा ब्लॉक तर हल्लेखोराच्या हातात असतो. त्याच्या जागी स्वतःचा बनावट ब्लॉक ठेवायचा आणि शेवटचा बाईट ० पासून २५५ पर्यंत बदलत सर्व्हरकडे पाठवायचा. बहुतेक वेळा ‘चूक’ असं उत्तर येतं. ज्या किमतीला ‘बरोबर’ येतं तिथे उलगडलेला बाईट ०१ झालेला असतो. त्या किमतीचं १ शी एक्सओआर केलं की मधली किंमत कळते, आणि मधल्या किमतीचं मूळ ब्लॉकमधल्या बाईटशी केलं की संदेशाचा बाईट मिळतो. मग शेवटचा बाईट ०२ येईल असा बसवायचा आणि त्याच्या डावीकडचा शोधायचा. एका ब्लॉकला जास्तीत जास्त ४,०९६ प्रश्न. किल्ली शेवटपर्यंत कळत नाही आणि तिची गरजही पडत नाही.

इथे अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. उलगडलेले शेवटचे दोन बाईट योगायोगाने ०२, ०२ झाले तरी सर्व्हर ‘बरोबर’ म्हणतो. त्यामुळे होकार आला की डावीकडचा बाईट बदलून पुन्हा विचारायचं. होकार टिकला तरच तो ०१ चा. बनावट ब्लॉक म्हणून मूळ ब्लॉकच घेतला तर संदेशाच्या शेवटच्या ब्लॉकला त्याचं स्वतःचं खरं पॅडिंग ‘बरोबर’ म्हणून पुढे येतं आणि अर्धा तास डोकं खातं. आणि आयव्ही (पहिल्या ब्लॉकच्या आधी लागणारा सुरुवातीचा ब्लॉक) माहीत नसेल तर पहिला ब्लॉक मिळणार नाही, कितीही डोकेफोड केली तरी.

यानंतर मुलं म्हणतात, मग चूक झाल्याचा संदेश सगळीकडे सारखाच ठेवू. २०१३ च्या ‘लकी थर्टीन’ हल्ल्यात लंडनच्या रॉयल हॉलोवेमधल्या नधेम अल-फरदान आणि केनी पॅटरसन यांनी दाखवलं की संदेश सारखा असला तरी तो यायला लागणारा वेळ सारखा नसतो, आणि मायक्रोसेकंदातला फरकही मोजता येतो. शेवटी वेबवरचं संभाषण बंद करणाऱ्या टीएलएस या प्रोटोकॉलच्या १.३ आवृत्तीमधून सीबीसी काढूनच टाकला गेला आणि फक्त प्रमाणीकरणासहित एन्क्रिप्शन उरलं: जीसीएम, सीसीएम, चाचा-ट्वेंटी–पॉली. सही किंवा टोकन जुळवताना दोनदा ‘बरोबर’चं चिन्ह टाकण्याऐवजी दर वेळी सारखाच वेळ घेणारं कम्पेअर-डायजेस्ट वापरा, असं प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असतं ते याच भीतीने.

जीसीएमचा नॉन्स, म्हणजे एकदाच वापरायची संख्या, १२ बाईटांचा असतो आणि एका किल्लीखाली तो पुन्हा येता कामा नये. पुन्हा आला तर दोन सायफरांचं एक्सओआर म्हणजे दोन संदेशांचं एक्सओआर, आणि वर संदेशाच्या खरेपणाची हमी देणारी अंतर्गत किल्लीही निसटते. नॉन्स यादृच्छिक घेत असाल तर एका किल्लीने २ च्या ३२ व्या घाताइतक्या, म्हणजे सुमारे ४२९ कोटी संदेशांपुढे जायचं नाही, असं अमेरिकन मानक सांगतं. उदाहरणाच्या कोडमध्ये सोपं पडावं म्हणून नॉन्सच्या जागी बारा शून्यं लिहिलेली असतात, आणि ती तशीच प्रोजेक्टमध्ये उतरतात.

डिजिटल सहीतही हेच. ईसीडीएसए या वक्रांवर आधारलेल्या सहीच्या पद्धतीत प्रत्येक सहीला एक गुप्त संख्या के लागते. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये फेलओव्हरफ्लो या गटाने उघड केलं की सोनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये के दर सहीला तीच होती. मग उरतं शाळेतलं गणित. दोन संदेशांच्या हॅशमधला फरक भागिले दोन सह्यांच्या एस या भागातला फरक, की के मिळाली; केवरून खाजगी किल्ली. प्रयोगशाळेत पी-२५६ वक्रावर हे करताना उत्तर चुकत राहिलं तर कारण बहुधा एकच असतं: बाकी वक्राच्या पी या मूळ संख्येने काढलेली असते, ती गटाच्या कोटीने, म्हणजे गटातल्या बिंदूंच्या संख्येने, काढायची. बिटकॉइनच्या जुन्या सह्यांवर हाच खेळ करणाऱ्याने एस आणि उणे एस असे दोन्ही पर्याय तपासावेत. आता २०१३ च्या आरएफसी ६९७९ या इंटरनेट दस्तऐवजाप्रमाणे के ही संदेश आणि किल्ली यांच्यावरूनच काढता येते, म्हणजे यादृच्छिकतेवर विसंबायलाच नको.

कारण यादृच्छिकता हीच या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित बाजू. अभ्यासक्रमात तिला अर्धं पान असतं. डेबियन लिनक्समध्ये सप्टेंबर २००६ ते मे २००८ या काळात ओपनएसएसएल या लायब्ररीने बनवलेल्या किल्ल्या मोजक्याच निघत होत्या. मेमरी तपासणाऱ्या साधनाची तक्रार बंद करायला काढलेल्या ओळीबरोबर यादृच्छिकता मिसळणारं कामही गेलं आणि उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. ‘२,०४८ बिटांची किल्ली’ असं वर लिहिलेलं होतंच.

२०१२ मध्ये दोन संशोधक गटांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या आणि त्यांचे आपापसातले मसावि काढले. राउटर, फायरवॉल यांसारखी छोटी उपकरणं पहिल्यांदा सुरू होताच किल्ली बनवतात, तेव्हा त्यांच्याकडे यादृच्छिकता नसतेच. दोन उपकरणांचा पी सारखा आणि क्यू वेगळा निघाला तर मसावि म्हणजे तो पी. अवयव पाडायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही असं ज्याबद्दल सांगतात, ते काम त्या युक्लिडने केलं जो पहिल्या युनिटमध्ये दोन मार्कांना येतो. हा प्रयोग वर्गात करता येतो. शंभर किल्ल्या बनवायच्या, दोघींना एक मूळ संख्या सामाईक ठेवायची आणि ४,९५० जोड्यांचे मसावि काढायचे. लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतं.

पायथॉनचं रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर वापरतं. त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे मिळाले की पुढचे सगळे सांगता येतात. ओटीपीसाठी ते वापरू नये. सीक्रेट्स मॉड्यूल त्यासाठीच आहे. हे एका वाक्यात शिकवता येतं, पण ६२४ आकडे देऊन ६२५ वा ओळखून दाखवला की ते कायमचं बसतं.

हॅशबद्दलचा मोठा गैरसमज असा की हॅश केलं म्हणजे लपलं. मोबाइल नंबरचा एसएचए-२५६ घ्या. भारतीय नंबर ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे शक्यता ४०० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी एसएचए-२५६ काढतं. लपलं ते काही सेकंदांपुरतं. पासवर्डांना मुद्दाम संथ आणि मेमरीखाऊ फंक्शन लागतं. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवास्प ही संस्था आर्गॉन-टू-आयडी या अशा फंक्शनसाठी निदान १९ मेबीबाइट मेमरी आणि २ फेऱ्या सुचवतं.

पासवर्ड हॅश करणाऱ्या बीक्रिप्टचा एक कोपरा मराठी लिहिणाऱ्यांनी ओळखून असावा. तो पासवर्डचे पहिले ७२ बाईटच बघतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाईट खातं, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजून. म्हणजे चोवीस चिन्हांनंतर काहीही लिहा, पासवर्ड चालतो. काही लायब्ररी आता अशा वेळी एरर देतात, काही गुपचूप कापतात. ‘कऱ्हाड’ लिहिणाऱ्याची आणखी एक पंचाईत. ऱ हे एकच चिन्ह म्हणून टाइप होऊ शकतं किंवा र आणि नुक्ता असं दोन चिन्हांत. दिसायला एक, बाईट पहिल्यात १८ आणि दुसऱ्यात २१, हॅश वेगळे. फोनवर ठेवलेला पासवर्ड लॅपटॉपवर नाकारला जातो आणि युजर स्वतःच्या स्मरणशक्तीला बोल लावतो. हॅश करण्याआधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण केलं (चिन्हांना एकच ठरलेलं रूप दिलं) की प्रश्न मिटतो.

डिजिटल सही समजून घ्यायची सगळ्यात चांगली वस्तू आपल्याकडे प्रत्येकाच्या खिशात आहे: आधार कार्डावरचा क्यूआर. स्कॅन केला की भलीमोठी दशमान संख्या मिळते. तिचे बाईट करायचे आणि जीझिपने फुगवायचे. पायथॉनच्या झेडलिबला जीझिपचं हेडर आहे हे सांगावं लागतं, नाहीतर पहिल्याच पावलाला ठेच. आतली नाव, जन्मतारीख, पत्ता ही क्षेत्रं २५५ या बाईटने वेगळी केलेली असतात. शेवटचे २५६ बाईट म्हणजे आरएसए सही, आणि ती त्याआधीच्या सगळ्या बाईटांवर असते, फोटोसकट. आधार देणाऱ्या यूआयडीएआयचं सार्वजनिक प्रमाणपत्र घेऊन एसएचए-२५६ आणि पीकेसीएस-१ ने ती तपासायची. सही जुळत नसेल तर बहुतेक वेळा मजकूर आधी यूटीएफ-८ म्हणून वाचून पुन्हा बाईट केलेला असतो, आणि २५५ च्या वाटेवर त्याचा विचका झालेला असतो. नाहीतर कार्ड आणि प्रमाणपत्र वेगवेगळ्या काळातलं असतं. हे सगळं स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या मशीनवर करायचं. ऑनलाइन क्यूआर वाचणाऱ्या साइटवर तो चढवायचा नाही. सही जुळली की मग खरा प्रश्न विचारायचा: काय सिद्ध झालं? माहिती यूआयडीएआयने दिली आणि कुणी बदलली नाही, इतकंच. समोर उभा माणूस तोच आहे हे नाही. कार्डाच्या झेरॉक्सवरचा क्यूआरही तितकाच बरोबर जुळतो. फोटो आणि चेहरा ताडून बघणं हे माणसाचंच काम राहतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल थोडं कडू बोलायला हवं. ‘सुरक्षा वाढवण्यासाठी दोनदा एन्क्रिप्शन’ हा विषय दर वर्षी येतो. ५६ बिटांच्या किल्लीचं डीईएस दोनदा केल्याने ११२ बिटांची ताकद मिळत नाही. मधोमध गाठण्याचा हल्ला साधारण २ च्या ५७ व्या घाताइतक्या कामात होतो, मेमरी मात्र भरपूर लागते. दुसरा लाडका विषय केऑस वापरून चित्रांचं एन्क्रिप्शन. अहवालात सपाट हिस्टोग्राम असतो, आणि एक पिक्सेल बदलला की किती फरक पडतो हे मोजणारे दोन आकडे: एनपीसीआर ९९.६ टक्के आणि यूएसीआय ३३.४ टक्के. एखाद्या ठरलेल्या यादृच्छिक प्रवाहाशी एक्सओआर केलेलं चित्रही हिस्टोग्राम सपाटच दाखवतं, आणि त्याच प्रवाहाने बंद केलेली दोन चित्रं एकमेकांशी एक्सओआर केली की दोन्हींच्या आकृती वर येतात. उरलेले दोन आकडे आणायला चित्राचा हॅश प्रवाहात मिसळला की पुरे. त्या टक्केवारीवरून सुरक्षिततेबद्दल काहीच कळत नाही. त्यापेक्षा माहीत असलेला एखादा हल्ला प्रामाणिकपणे पुन्हा करून दाखवणारा प्रोजेक्ट कितीतरी मोलाचा, मग त्यात ‘नवीन अल्गोरिदम’ हे शब्द नसले तरी चालतील.

पैसे आणि हार्डवेअर मिळत असेल तर वीजखर्चावरून किल्ली काढायचा प्रयोग करावा. ऑस्ट्रियातलं ग्राझ, जर्मनीतलं बोखुम आणि आपल्याकडे आयआयटी खरगपूर इथे या शाखेवर मोठं काम झालं आहे. अशा प्रयोगांसाठीच्या चिपव्हिस्परर बोर्डावर एईएस चालवायचं, प्रत्येक वेळच्या विजेच्या वापराचा आलेख घ्यायचा आणि किल्लीच्या एकेका बाईटच्या २५६ शक्यतांपैकी कुठली त्या चढउताराशी जुळते ते बघायचं. सोळा बाईट म्हणजे एकूण ४,०९६ अंदाज. २ चा १२८ वा घात कुठल्या कुठे राहतो. संरक्षण नसलेल्या मायक्रोकंट्रोलरला काही डझन ते काहीशे आलेख पुरतात. जुळत नसेल तर आधी ट्रिगर, म्हणजे आलेख कधी सुरू करायचा तो इशारा, बघावा. आलेख एकमेकांपासून थोडे सरकले की सहसंबंध विरून जातो.

हे सगळं स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या यंत्रणेवर. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘शिकण्यासाठी कॉलेजच्या सर्व्हरवर करून बघितलं’ म्हटल्याने गुन्हा पुसला जात नाही. सरावासाठी क्रिप्टोपल्स आणि क्रिप्टोहॅक या साइट्स आहेतच. क्रिप्टोपल्सचा पहिला संच एका बाईटच्या एक्सओआरपासून ईसीबी ओळखण्यापर्यंत नेतो आणि पॅडिंग ऑरॅकल तिसऱ्या संचात भेटतो.

टीएलएस पुस्तकातून वाचण्याआधी नेटवर्कवरची पॅकेट दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये बघावं. एसएसएलकीलॉगफाइल नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये एका फाइलचा पत्ता द्यायचा, त्याच टर्मिनलमधून ब्राउझर सुरू करायचा आणि वायरशार्कच्या टीएलएस सेटिंगमध्ये तीच फाइल दाखवायची. आपलंच ट्रॅफिक उलगडलेलं दिसतं. दिसलं नाही तर ब्राउझर आधीपासून चालू होता आणि त्याला व्हेरिएबल मिळालंच नाही, किंवा कॅप्चर हँडशेकनंतर (सुरुवातीला किल्ली ठरल्यानंतर) सुरू केलं, किंवा साइट यूडीपीवर चालणाऱ्या क्विक प्रोटोकॉलवर बोलते आहे आणि आपण टीसीपीचा फिल्टर लावून बसलो आहोत.

त्यातलाच क्लायंट हॅलो, म्हणजे ब्राउझरचा पहिला निरोप, उघडला की आजचा बदल समोर येतो. क्वांटम संगणकाच्या भीतीने ऑगस्ट २०२४ मध्ये एमएल-केईएम हे किल्ली ठरवण्याचं मानक आलं, आणि ब्राउझर आता जुन्या एक्स-२५५१९ च्या जोडीला तेही पाठवतात. जुन्याची सार्वजनिक किल्ली ३२ बाईटांची, नव्याच्या ७६८ आवृत्तीची १,१८४. दोन्ही मिळून १,२१६. बाकीचा मजकूर धरला तर क्लायंट हॅलो एका पॅकेटमध्ये मावत नाही आणि दोन तुकड्यांत जातो. टीसीपीच्या नियमाप्रमाणे यात काहीच वावगं नाही. पण मानक येण्याआधीच, २०२४ च्या वसंतात, क्रोमने याचंच आधीचं रूप (कायबर) डेस्कटॉपवर सगळ्यांसाठी चालू केलं, तेव्हा काही सर्व्हर आणि फायरवॉल अडून बसले. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी एकदाच ‘वाच’ म्हटलं होतं, जे आलं तोच अख्खा हॅलो असं धरलं होतं, आणि दुसऱ्या तुकड्याची वाट न बघता कनेक्शन तोडलं होतं.